मागचे दार उतरले की दोष कुलपात शोधू नये

कापडाच्या मालाला दोन शत्रू, एक ओल आणि दुसरी धूळ. गोदामात आम्ही दोन्हींचा बंदोबस्त करतो. ताके जमिनीवर न ठेवता फळ्यांवर रचतो, भिंतीपासून वीतभर अंतर सोडतो, पावसाळा तोंडावर आला की छपराचे पत्रे तपासून घेतो. पण हाच माल गोदामातून निघून ज्या गाडीत पडतो, त्या गाडीचे मागचे दार चौकटीत नीट बसते की नाही हे पाहण्याची तसदी फार थोडे व्यापारी घेतात. दार लागत नसेल तर खांद्याने रेटायचे, तरीही लागले नाही तर सुतळीने बांधायचे आणि रस्त्याला लागायचे, असा सर्रास रिवाज आहे. मग गिऱ्हाइकाच्या दुकानी गठ्ठा सुटतो तेव्हा वरच्या ताक्याच्या किनारीवर काळपट पट्टा निघतो, माल परत येतो आणि व्यापारी प्रोसेसवाल्याशी भांडत बसतो. डाग प्रोसेसमध्ये पडलेला नसतो, तो कसारा घाट उतरताना दाराच्या फटीतून आलेला असतो.

मालेगाव असो, भिवंडी असो की इचलकरंजी, छोट्या व्यापाऱ्याच्या दारात उभे असलेले वाहन बहुधा ठरलेले असते. महिंद्राची बोलेरो, नाही तर टाटांची सुमो. सुमो १९९४ साली आली आणि २०१९ साली तिचे उत्पादन थांबले. बोलेरो २००० साली आली. या गाड्या मजबूत चासीवर वेगळी बॉडी बसवून केलेल्या, मागे कमानी असलेल्या, खेड्यापाड्याच्या बाजाराला जायला योग्य. खाजगी वाहनाची नोंदणी १५ वर्षे चालते आणि पुढे तपासणी होऊन पाच-पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करता येते, म्हणून जुनी गाडी सहजासहजी कोणी मोडीत काढत नाही. जाता जाता सांगायला हरकत नाही की आज जीपगाड्यांसाठी ओळखली जाणारी महिंद्रा कंपनी १९४५ साली पोलादाच्या व्यापारासाठी सुरू झाली, तेव्हा तिचे नाव ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ असे होते. त्यातले मोहम्मद म्हणजे मलिक गुलाम मुहम्मद. ते फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ साली कंपनीचे नाव बदलले. असो. आपला विषय दाराचा आहे.

या गाड्यांचे मागचे दार खोलीच्या दारासारखे बाजूला उघडते आणि त्याच दारावर बाहेरून स्टेपनी टांगलेली असते. टायर आणि लोखंडी रिम मिळून हे ओझे वीस-पंचवीस किलोंचे होते. ते बिजागरीपासून लांब, दाराच्या मध्यावर लटकते. तराजूच्या दांडीला एकाच बाजूने वजन लावल्यासारखा हा प्रकार आहे. गाडी नवी असताना बिजागरीची पिन घट्ट असते आणि ओझे पेलते. पंधरा वर्षांत प्रत्येक खड्ड्याला ते ओझे वर-खाली उडते, पिन झिजते, बुशाचे भोक लांबोळके होते आणि दाराचे कुलपाकडचे टोक हळूहळू खाली येते. याला कारागीर ‘दार उतरले’ असे म्हणतात आणि हा शब्द अगदी बरोबर आहे.

यात बनवणाऱ्याला दोष देण्यासारखे काही नाही. झीज ही वापराची आहे, आणि वापर आपला. हमाल टपावर माल चढवताना उघड्या दाराला हात धरून लटकतो, हे आम्ही रोज पाहतो. ऐंशी किलोंचा माणूस आणि पंचवीस किलोंची स्टेपनी, दोन्ही त्या दोन बिजागऱ्यांवर. दुसरे, शेवटचा गठ्ठा आत मावत नाही म्हणून तो दारानेच दाबून बसवला जातो. मग पुढचे दोनशे किलोमीटर तो गठ्ठा दाराला आतून ढकलत असतो. तिसरे, दार उघडे राहावे म्हणून जी पट्टी किंवा दांडी असते ती एकदा तुटली की कोणी बदलत नाही. वाऱ्याने दार भडाड्कन मागे जाते आणि बिजागरीचा पत्रा वाकतो.

आता कोणी म्हणेल, चार ताके काळे झाले तर झाले, त्यासाठी एवढी उठाठेव कशाला? मालाची गोष्ट सोडा. या गाड्यांच्या मागच्या बाजूला समोरासमोर बाके असतात. लग्नकार्याला, ईदेला घरची मंडळी निघाली की मोठी माणसे पुढे बसतात आणि मुले मागे त्या बाकांवर, दाराला टेकून. गाडी धावते तेव्हा तिच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो. रस्त्याची धूळ आणि सायलेन्सरचा धूर त्या पोकळीत घुटमळतो आणि दाराला फट असली की आत ओढला जातो. धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. पेट्रोलच्या मानाने डिझेलच्या धुरात तो कमी असतो, पण नसतो असे नाही, आणि त्याला वास नाही, रंग नाही. मागे बसलेली मुले प्रवासात पेंगतात, डोके दुखते म्हणतात, उलटी करतात, आणि आपण म्हणतो गाडी लागली. कधी लागतही असेल. पण मागचे दार उतरलेले असताना हे अनुमान काढून मोकळे होणे धोक्याचे आहे. शिवाय अशा गाड्यांच्या बहुतेक कुलपांना दोन पायऱ्या असतात, पहिला खटका अर्धा आणि दुसरा पुरा. उतरलेले दार पुष्कळदा पहिल्याच खटक्यावर अडकते, लागल्यासारखे दिसते आणि घाटाच्या वळणावर उघडते. तेव्हा दाराला टेकून कोण बसले आहे, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

दार दुरुस्त होईपर्यंत मागे कोणाला बसवू नये, हे आमचे स्पष्ट मत आहे. अगदीच निघायचे झाले तर पंखा बाहेरची ताजी हवा आत घेईल असा मोठा लावून ठेवावा.

इलाजाआधी नब्ज पाहिली पाहिजे. ‘नीम हकीम खतरा-ए-जान’ ही म्हण गॅरेजलाही लागू आहे. दार लागत नाही अशी तक्रार घेऊन गेले की घाईतला मिस्त्री पहिला हात कुलपाच्या कडीला घालतो. चौकटीवर जी लोखंडी कडी किंवा खुंटी असते आणि जिला कुलूप आपल्या जबड्यात धरते, तिला गॅरेजात स्ट्रायकर म्हणतात. तिचे दोन बोल्ट ढिले करून ती खाली सरकवली की दार लागते. पाच मिनिटांचे काम, मालक खूश. पण दार जिथे होते तिथेच लोंबकळत राहिले, फक्त कडी त्याच्या मागे खाली गेली. वरची फट तशीच, धूर तसाच. झीज चालू असल्याने सहा महिन्यांनी दार आणखी उतरते आणि कडी सरकवायला जागा उरत नाही. काही ठिकाणी तर कडी थोडी वर ठेवून दार तिच्यावर चढवतात, म्हणजे लागताना दार उचलले जाते. हे तर सर्वांत वाईट. कडी दार धरण्यासाठी आहे, उचलण्यासाठी नव्हे. असे केले की कुलूपही झिजू लागते.

खरी तपासणी अशी. गाडी सपाट जागी, रिकामी, चारही चाकांत सारखी हवा भरून उभी करावी. एक चाक खड्ड्यात असेल तर बॉडी पिळली जाते आणि फटी खोटे बोलतात. मग दार लावून चारही बाजूंच्या फटी डोळ्यांनी पाहाव्यात. वरची फट कुलपाच्या बाजूकडे रुंद होत गेली आहे आणि खालची त्याच बाजूला अरुंद झाली आहे, तसेच बिजागरीच्या बाजूची फट वरच्या अंगाला जास्त उघडली आहे, असे दिसले तर दार उतरले आहे यात शंका नाही. सगळ्या फटी सारख्या असून दार फक्त बाहेर राहत असेल, तर दोष रबराचा किंवा कडीचा असू शकतो. तो वेगळा मर्ज आहे.

नंतर दार अर्धे उघडून कुलपाकडच्या टोकाला दोन्ही हातांनी खालून धरावे आणि वर उचलून सोडावे. दुसऱ्या माणसाने त्या वेळी फक्त बिजागऱ्यांकडे पाहायचे. येथे तीनपैकी एक गोष्ट दिसते. पिन आपल्या भोकात हलते, म्हणजे पिन-बुश गेले. किंवा बिजागरीचे पान पत्र्यावर सरकते, म्हणजे बोल्ट ढिले. किंवा बिजागरीसकट पत्राच आत-बाहेर श्वास घेतल्यासारखा हलतो, म्हणजे तेथे चीर पडली आहे वा आतून गंज लागला आहे. तिन्हींचे इलाज अगदी निराळे आहेत आणि ज्याने हे पाहिले नाही त्याने पान्याला हात लावू नये.

एक गोष्ट आम्हाला एका वृद्ध उस्तादांनी दाखवली आणि ती फार उपयोगाची आहे. कडी काढूनच टाकायची. तिची जुनी जागा आधी पेन्सिलीने आखून घ्यायची, मग ती पूर्ण सोडवून दार अलगद चौकटीत टेकवायचे. कडी नसली की दाराला आधार फक्त बिजागरीचा राहतो आणि ते आपली खरी जागा दाखवते. नंतर स्टेपनी उतरवून पुन्हा तसेच पाहायचे. स्टेपनी काढल्यावर दार बरेच वर आले तर ओझे आणि बिजागरी यांचा तो हिशेब आहे. अजिबात वर आले नाही तर पान वाकले असेल किंवा चौकटच तिरकी झाली असेल. मात्र कडी काढलेली असताना गाडी गल्लीतसुद्धा हलवू नये.

चौकट तिरकी आहे का, हे तर कापडवाल्याला शिकवायला नको. चादर काटकोनात कापली की तिरकी गेली हे पाहायला आम्ही कर्णाकर्ण टेप लावतो. चौकटीलाही तसाच लावावा, वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत आणि मग उलट. दोन्ही मापे मिळाली पाहिजेत. मिळाली नाहीत तर दाराला विसरून गाडीखाली जावे. बॉडी आणि चासी यांच्यामध्ये जाड रबराच्या गाद्या असतात, गॅरेजवाले त्यांना बॉडी माउंटिंग म्हणतात. मागच्या एका बाजूची गादी चिरडून गेली की तो कोपरा खाली बसतो आणि चौकट पिळते. अशा वेळी बिजागरीवर कितीही मेहनत घेतली तरी ती फुकट आहे. आधी गाद्या बदलाव्यात. पुष्कळदा दार आपोआप जागेवर येते.

आता कामाकडे येऊ. आदल्या रात्री बिजागरीच्या बोल्टांना गंज सोडवणारे तेल, ते नसेल तर डिझेल, दोन-तीनदा सोडून ठेवावे. ताकद लावून बोल्टाचे डोके तुटले की दोन तासांचे काम दोन दिवसांवर जाते. गॅसच्या ज्योतीने बोल्ट तापवायला निघालेल्या मिस्त्रीला तेथेच थांबवावे, कारण शेजारी रबर आहे, काच आहे, आतला अस्तराचा पत्रा आहे.

स्टेपनी उतरवावी. दाराखाली जॅक, जॅकवर लाकडी फळी, फळीवर चिंध्यांची घडी ठेवून दाराचे वजन त्यावर घ्यावे. चिंध्यांची तर आपल्याकडे ददात नाही. बिजागरीच्या पानांभोवती टोकदार वस्तूने बारीक रेघ मारून जुनी जागा आखावी. ही रेघ म्हणजे मुक्कामाचा पत्ता, काही चुकले तर परत तेथे येता येते. दोन्ही बिजागऱ्या एकदम कधी सोडू नयेत. एक सोडायची, तीही इतकीच की पान हाताने दाबून सरकेल.

पिन झिजली असेल तर पिन आणि बुश बदलण्याला पर्याय नाही. ढिल्या पिनवर हातोडी मारून ती चेपणारे कारागीर आहेत. ती दोन महिने टिकते. जुन्या गाडीची बिजागरी बाजारात मिळाली नाही तरी अडत नाही. आपल्या गावांत ज्या लेथवर पॉवरलूमचे बुश उतरतात, त्याच लेथवर बिजागरीचे पितळी बुश उतरवून घेता येते. भोक गोल करून घ्यायचे, त्याच्या मापाचे बुश, बुशाच्या मापाची पिन. लूमवर काम करणाऱ्या टर्नरला केसाएवढ्या फरकाची किंमत गॅरेजवाल्यापेक्षा जास्त कळते, कारण तेथे बुश ढिले पडले की कापडात लगेच दिसते. हा हुनर आपल्या घरात असताना नव्या दारावर पैसे घालणारे लोक पाहिले की वाईट वाटते.

नुसते बोल्ट सरकले असतील तर काम सोपे. जॅक अगदी थोडा उचलायचा, दाराच्या टोकाला फटी सारख्या होईपर्यंत न्यायचे आणि बोल्ट आवळायचे. बिजागरीची भोके लांबट नसतील तर पातळ पत्र्याच्या पट्ट्यांचे पॅकिंग द्यावे लागते. पॅकिंग कोणत्या बिजागरीला द्यायचे हे पान कोणत्या तोंडावर बसले आहे त्यावर ठरते. पान चौकटीच्या दाराकडे पाहणाऱ्या तोंडावर असेल तर खालच्या बिजागरीमागे दिलेले पॅकिंग दाराचा खालचा भाग कुलपाकडे ढकलते आणि टोक वर उचलते. पान गाडीच्या पाठीच्या तोंडावर असेल तर तेच पॅकिंग दार उचलत नाही, फक्त बाहेर काढते. एका वेळी एकच पातळ पट्टी द्यावी आणि दर वेळी दार टेकवून पाहावे. येथे घाई केली की गफलत होते.

पत्र्याला चीर असेल तर ते वेल्डिंगवाल्याचे काम आहे. चिरेवर नुसता टाका मारला तर शेजारी नवी चीर पडते, म्हणून आतून जाड पट्टीचा आधार देऊनच वेल्डिंग करून घ्यावे. वेल्डिंगच्या आधी बॅटरीची तार काढायला लावावी, विशेषतः ज्या गाड्यांत इंजिन कॉम्प्युटरवर चालते त्यांत. हे सांगितल्याशिवाय पुष्कळजण करत नाहीत.

दार बसवताना ते दोन-तीन मिलिमीटर उंचच ठेवावे, कारण स्टेपनी चढल्यावर ते तितके खाली येणार आहे. शेवटची पाहणी स्टेपनी लावूनच करावी. स्टेपनीशिवाय दार छान लागते असे दाखवून गाडी हातात देणारा मिस्त्री तुम्हाला फसवतो आहे किंवा स्वतःला.

कडीचा नंबर आता. आखलेल्या जागी ती परत बसवावी, बोल्ट अर्धवट आवळावेत आणि दार हळू लावावे. कुलपाचा जबडा कडीच्या मधोमध आला पाहिजे, दार लागताना वर उचलले जाऊ नये की खाली दबू नये. मग आत-बाहेरचा हिशेब. कडी आत घेतली की दार रबरावर घट्ट बसते, बाहेर काढली की सैल. दोन्ही खटके साफ ऐकू आले पाहिजेत.

रबराच्या बाबतीत एक इशारा. जुने बीडिंग कडक होऊन त्याला कायमची घडी पडलेली असते, ते बदलावेच. पण बाजारात मीटरवर मिळणारे रबर पुष्कळदा मूळ रबरापेक्षा जाड निघते. ते लावले की दार लागत नाही आणि मिस्त्री पुन्हा कडी बाहेर काढतो, म्हणजे केलेले काम वाया. जुन्या रबराचा तुकडा कापून सोबत न्यावा आणि त्याच्याशी ताडून घ्यावे. नमुना घेतल्याशिवाय आपण सूत घेत नाही, तसेच हे.

पैसे देण्यापूर्वीची परीक्षा आमच्या पद्धतीची आहे. पातळ मलमलीची दोन बोटे रुंद पट्टी घ्यावी, रबरावर ठेवून दार लावावे आणि ओढावी. सगळीकडे सारख्या जोराने, थोडी अडकून निघाली पाहिजे. एखाद्या जागी सुळकन निघाली तर तेथे फट आहे. अंधार पडल्यावर एकाने आत बसून टॉर्च फिरवावा आणि दुसऱ्याने बाहेरून पाहावे, जेथे उजेड दिसेल तेथून धूर येईल. पाण्याची नळी शेवटी मारावी.

पंधरा दिवस गाडी चालवून बोल्ट एकदा पुन्हा आवळून घ्यावेत, पॅकिंग आणि नवे बुश तेवढ्यात जागा धरतात. त्याच वेळी कडीवर पडलेली चमक पाहावी. चमक मधोमध असेल तर दार जागेवर आहे. वरच्या अंगाला सरकली असेल तर दार पुन्हा उतरू लागले आहे. तेव्हा कडीला हात न लावता बिजागरी पाहावी, आणि टपावर माल चढवणाऱ्या हमालासाठी एक चांगली लाकडी शिडी घेऊन ठेवावी.